खंय लागता

बाबलकाकाच्या वहीत माशांपेक्षा खुणाच जास्त:
देवळाचा कळस नि गिरपांचा वाकडा माड एका रेषेत,
खडपाचं नाक डावीकडे सुटेस्तोवर वल्हव,
तिथे सुरमई लागते.
वही पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप.
सख्ख्या भावालाही ती त्यानं दाखवली नाही,
आणि सख्खा भाऊ म्हणजे माझे बाबा.
मी नववीत असताना एकदाच ती उघडी राहिली होती.

माझं भात खाजणातलं,
उधाणाचं पाणी चढलं तरी न मरणारं.
का मरत नाही, एवढंच विचारत
मालवणच्या कॉलेजातल्या मागच्या खोलीत
मी रात्रीची बसते.
मीठ चढलं की पेशीत एक प्रथिन जागं होतं
आणि डीएनएच्या लांबलचक किनाऱ्यावर
आपली जागा हुडकत फिरतं.
कुठे लागतं ते?

कुणीतरी मोजून ठेवलंय.
कुठल्या देशात, कुठल्या थंडीत, ठाऊक नाही.
कुलूप नाही, पैसे नाहीत, ‘कोणाची गो तू?’ नाही.
पडद्यावर अक्षरं उभी राहतात,
काही माडाएवढी, काही वाळूत रुतलेली:
सी ए सी जी टी जी.
उंच अक्षरापाशी ते हटून बसतं,
बुटक्यापाशी चालवून घेतं, हेही, तेही.
हट्ट किती, तडजोड किती, सगळं आकड्यांत.
आमच्या घरात इतकी स्पष्ट बोलणी कधी झाली नाहीत.
समोरच्या धाग्यावर, त्याच्या दिशेनं वाचलं
तरी तीच सहा अक्षरं.

माझ्या भाताचं नाव मात्र त्यात नव्हतं.
चुलतघरच्या कुणाचं होतं,
अंदाजानं वापरावं असं.

शिमग्याला काका आला. बराच वेळ पडदा बघत राहिला.
‘ह्यां सगळां उघडां? कोणीय बघूचां?’
‘कोणीही.’
‘आनी ह्येतलो मासो संपणा नाय?’

मी हसले. मग खिडकीकडे बघितलं.
बाहेर काळोखात एलईडीवाल्या बोटींची रांग पेटलेली,
समुद्रात कुणी गाव वसवावं तशी.
काकाही तिकडेच बघत होता.

चपला घालताना म्हणाला,
‘तुझ्या भाताचा पान रिकामा कित्याक मगे? भर तां.’

भरतेय. दोन वर्षं झाली.
तीन अक्षरं ठाम आहेत, चौथं अजून डळमळतं.
जमलं की उघड्यावर ठेवीन, नावागावासकट.

पेटीला कुलूप आहेच.
त्याला कुठली किल्ली लागते,
मी विचारलेलं नाही.