कोरी पानं

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी पारपत्रांची कोरी पानं मोजली.
छत्तीस पानं, शिलाई सरळ,
तीन सिंहांचं सोनं कुठं पुसट नाही ना, एवढंच बघायचं.
नाव नंतर दुसरं कुणी भरतं.

सुटीचा भोंगा झाला की गेटवर झडती.
डब्याचं झाकण, चपलेचा तळ, अंबाडासुद्धा.
चिटोरा बाहेर जाता कामा नये,
देशाचा कागद आहे, विमलबाई.

परवा टीव्हीवर एक वकील सांगत होते,
पारपत्र म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.
मी लसूण सोलत होते.
दुसरे म्हणाले, मग पुरावा म्हणायचं कशाला?
तेवढ्यात जाहिरात लागली.

माझ्या सेवापुस्तकात एक जून,
मास्तरांनी अंदाजे टाकलेली.
खरी तारीख शोधायला सुरगाण्याच्या तीन खेपा झाल्या.
त्या सालाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं.
ग्रामसेवकानं लिहून दिलं:
नोंद आढळून येत नाही.

खाली सही. शिक्का
जरा डावीकडे कललेला.
आमच्या टेबलावर आला असता
तर मीच बाद केला असता.