मधली उंची

मुली दोन, सायकली तीन.
चौथीचे पैसे एकदा जमत आले होते,
त्याच हिवाळ्यात बॉयलर फुटला.

म्हणून ही तिसरी माझ्या हातात, पिटमध्ये,
डिसेंबरातला दुसरा रविवार,
बीट उपटून नेलेल्या शेताच्या कडेला.
रात्रभर पाऊस, पहाटे गोठला, आता पुन्हा सुटलाय.
जमीन धड दगड नाही, धड पाणी नाही.
सीट मधल्या उंचीवर, खूण म्हणून निळी चिकटपट्टी:
ग्रीतला दोन सेंटीमीटर बुटकी,
योकेला दोन सेंटीमीटर उंच.
कुणाच्याच मापाची नाही,
म्हणून दोघींची.

ओडिलोनच्या पंपापुढे रांग.
फवाऱ्याचं पाणी उलटून मनगटावर येतं,
आधी नखं ठणकतात,
मग ठणकत नाहीत, आणि तेव्हा घाबरायचं.
वारा फिरला की तळलेल्या बटाट्यांचा वास,
बिअरच्या तंबूत कुणीतरी आत्तापासूनच गातंय,
शर्यत कुणाची आहे ते न विचारता.

पहिल्या फेरीला दोघी नंबरावरून ओळखू आल्या.
दुसऱ्या फेरीला नंबर चिखलाखाली.
मग मी धावण्यावरून ओळखतो.
चढावर योके सायकल खांद्याला अडकवते
शाळा सुटल्यावरच्या दप्तरासारखी,
ग्रीत उचलते
झोपलेलं पोर उचलावं तशी.

तिसऱ्या फेरीला वळणावरून योके.
चाकं फिरायची थांबलेली,
फॉर्कमध्ये गवत, माती, बीटाच्या मुळ्या.
"पा!" ओरडली.
आणि तिच्या मागे दहा-बारा हातांवर
ग्रीत, पायी,
मागचा गिअर मोडून आऱ्यांत गुंतलेला.
ती काही ओरडली नाही.

घरातला नियम माझाच, स्वयंपाकघरात केलेला:
जी आधी येईल तिची.
नियम करताना हात कोरडे होते.

योकेनं सायकल घेतली.
घेतली म्हणजे, मी सोडली.
माझ्या हातात आता योकेची,
चिखलानं दुप्पट जड.
"थांब," मी ग्रीतला म्हणालो, "धुतो, ही घे."
तिनं रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे नाही,
आणि मोडकी सायकल खांद्यावर घेऊन
धावत सुटली.

अर्धी फेरी ती धावली.
मी पाहिलं नाही, शेजारच्यांनी सांगितलं:
वाळूत, कालव्याच्या उतारावर,
बुटांत पाणी, बुटांबाहेर पाणी,
सहा जणी पुढे गेल्या,
एकीनं जाता जाता पाठीवर थाप दिली.
मी ओडिलोनला शिव्या घालून मध्ये घुसलो,
साखळीत बोटं घालून माती काढली,
कपच्या करंगळीत रुतल्या, कळलंसुद्धा नाही.

पिटच्या दुसऱ्या बाजूनं ती आली.
धुतलेली सायकल घेतली, बसली.
चार सेंटीमीटर बुटकी.
गुडघे कोपरांना लागत होते,
लहान मुलाच्या तिचाकीवर बसलेली मोठी बाई.
तंबूतले दोघं-तिघं हसले.
मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाची असती तर.

योके सोळावी. ग्रीत एकतिसावी,
तिच्या मागे तिघीच, आणि एक अँब्युलन्स.

गाडीत हीटर चालू, काचा धुरकट.
दोघी मागे बसल्या, मध्ये हेल्मेटं.
वीस किलोमीटर कुणी बोललं नाही.
मी मनात वाक्यं जुळवत होतो,
प्रत्येक वाक्यात मी शहाणा निघत होतो,
म्हणून एकही बोललो नाही.

रात्री शेडमध्ये ग्रीत आली.
ओले मोजे हातात, अनवाणी, सिमेंटवर.
मी म्हणालो, "ग्रीत, आज..."
ती म्हणाली, "तिचा मागचा ब्रेक लागत नाही.
तुला माहीत होतं?"

मी पॅड काढले.
घासून घासून नुसता पत्रा राहिलेला.
एका शर्यतीत होतं असं, एवढ्या मातीत.
किंवा दोन शर्यतींत.
किंवा ती कधीपासूनच
पुढच्या ब्रेकवर उतार उतरत होती,
आणि सांगितलं तर सायकल कपाटात जाईल म्हणून

आत योके चमचा आपटत सूप मागत होती.
ग्रीतनं ड्रॉवर उघडला,
नवे पॅड शोधले, पाकीट दातांनी फोडलं.
"धर," म्हणाली.
मी चाक धरलं.