अर्धसमास

बेलापूरला, सहाव्या मजल्यावर,
'परिवर्तन कक्ष' अशी पाटी असलेल्या दालनात
मला टेबल मिळालं, एक पाय आखूड.
दर्शना केणींनी पायाखाली कागदाची घडी सरकवली.
नंतर वाकून पाहिलं तर
मागच्या लेखापरीक्षेतला माझाच परिच्छेद,
क्रमांक अकरा. अनुपालन प्रलंबित.

तेवीस कार्यक्रम. तेवीस फायली.
नावं बारशाला ठेवावीत तशी ठेवलेली,
संकल्प, भरारी, जलस्पर्श, नवदृष्टी.
पाळणा हलवला, घुगऱ्या वाटल्या,
मूल कुणाचं एवढंच कुठे लिहिलं नव्हतं.
जबाबदार अधिकारी: पद रिक्त.
पद रिक्त. अतिरिक्त कार्यभार. पद रिक्त.

भिंतीवर पडदा, पडद्यावर चौकोन,
सगळे हिरवे,
खाडीकाठच्या पायरीवर शेवाळ असतं तसे.
पाय ठेवून बघा.

'जलस्पर्श'चं उद्दिष्ट आधी होतं
दिघ्याच्या टेकडीवर रोज दोन तास पाणी.
मग झालं, पाणी देण्याबाबत आराखडा.
मग, आराखड्याबाबत कार्यशाळा.
कार्यशाळा झाली, वाशीला.
उपस्थिती बासष्ट, जेवणं नव्वद.
उद्दिष्ट साध्य, शंभर टक्के.

मी कागद मधोमध दुमडला.
आमची ही जुनी रीत.
उजवीकडे आम्ही विचारायचं,
डावी अर्धी बाजू त्यांच्या उत्तरासाठी कोरी.
वीस वर्षं अर्ध्याच पानावर लिहीत आले.
आता किराण्याची यादी करतानाही
डावीकडे जागा सुटते.
नवरा विचारतो, इथे काय यायचंय?

स्थळपाहणीला गाडी नाही म्हणाले.
रिक्षाने गेले, पावती घेतली.
पंपघराच्या भिंतीवर खडूने आखलेलं कोष्टक:
वरची चाळ ५.१०
नाल्यापलीकडे ५.४०
गिरणीमागे, आजारी माणूस, आधी सोडणे.
खाली सही नाही, जावक क्रमांक नाही.

हसुराम मढवी, व्हॉल्व्हमन, कंत्राटी,
लोखंडी चावी खांद्यावर.
हे कोणत्या कार्यक्रमात येतं, मी विचारलं.
त्याने खडू कानामागे खोचला.
"कागद फायलीत जातं बाय. भित कुठं जाते?"
हंडा लावून बसलेली एक बाई म्हणाली,
आधी नळावर डोकी फुटायची.
आता आम्ही घड्याळ बघून येतो, एवढंच.

एवढंच.
याला निर्देशांक नाही, निधी नाही, बोधचिन्ह नाही,
माझ्या नमुन्यात रकाना नाही.
'निदर्शनास आले की' असं सुरू केलं
तर पुढच्या तिमाहीत हा चोविसावा कार्यक्रम होईल,
खडूची निविदा निघेल,
भिंतीला रंग लागेल,
आणि वरच्या चाळीचं पाणी
आढावा बैठकीपर्यंत थांबेल.
आणि नाही लिहिलं
तर त्याचं कंत्राट एकतीस मार्चला संपतं.

समारोपाच्या बैठकीत काजू होते.
साहेब तीनदा म्हणाले, नोंद घेतली.
त्यांच्या हातात पेन नव्हतं.

सगळे गेल्यावर
मी टेबलाखालची घडी ओढून काढली.
परिच्छेद अकरा. उजवीकडे माझं अक्षर,
तीन वर्षांपूर्वीचं, किती ताठ.
डावी बाजू कोरी, फक्त
टेबलाच्या पायाचा गोल ठसा उमटलेला.
उत्तर म्हणावं तर ते तेवढंच.

त्या ठशाच्या आत, पेन्सिलीने,
आयुष्यात पहिल्यांदा समासाच्या त्या बाजूला
मी लिहिलं:
वरची चाळ, ५.१०.

टेबल डुगडुगत होतं.
अक्षर वाकडं आलं.