रुमालाखाली

सांगलीत, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
तीन वर्षं मी एक नदी बनवतोय.
तिला पाणी यायलाच आठ महिने गेले.

नावाड्याचे हात इंद्रजितनं काढले,
मग तो पुण्याला गेला,
बँकेच्या ॲपमधली बटणं गोल करायला.
पाय मी काढले.
म्हणून नावाडी जरा लंगडतो.

दादा अडत्याकडे दिवाणजी.
रुमालाखाली बोटं दाबून ठरलेले भाव
वहीत उतरवण्यात जन्म गेला.
“तुझ्या गेमचा भाव कोण काढतं?”
तिथंही रुमालच आहे, दादा.
पलीकडचा हात कुणाचा, तेवढं कळत नाही.

पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस प्रती.
अकरा नात्यातल्या.
सहा परत.
कुणीतरी लिहिलं, नाव फार हळू चालते.
चालतेच.
वारणा येऊन मिळते तिथं वल्ह्याला जोर लागतो,
हे त्याला कुठल्या बटणानं सांगू?

काल रात्री दीडला दादा जिना चढून आले,
चष्मा सदऱ्याला पुसला,
म्हणाले, सरक.

हरिपूरच्या घाटावर तीनदा आपटली नाव.
चौथ्यांदा लागली.
काही बोलले नाहीत, खाली जाऊन झोपले.

कीबोर्डची लांब पट्टी
अजून पिवळी आहे.