आठवत नाही, असं लिहा

सोहारच्या टायपिंग सेंटरात
एसी दमेकऱ्यासारखा धापतो.
शराफत हमदुले, मुक्काम बाणकोट,
खुर्चीच्या काठावर बसलाय
कुणीतरी आत्ता उठवेल असा.

फॉर्म विचारतो : अपघाताची तारीख?
मी मराठीत विचारतो.
तो म्हणतो, "पाइप."
वेळ? "पाइप."
साक्षीदार?
तो हसतो, ओळखीचं,
आणि सकाळपासून चौथ्यांदा माझं नाव विचारतो.

कंपनीच्या कागदाला मात्र सगळं ठाऊक :
प्रकृती ठणठणीत. हिशेब चुकता. तक्रार नाही.
खाली सही.

बलुशी वकीलबाई चष्मा कपाळावर सारतात,
कोरा कागद पुढे करतात.
सही कर. पुन्हा कर. पुन्हा.
पहिल्या सहीत हमदुले अर्धाच,
दुसरीत नुसतं बापाचं नाव,
तिसरीत एक होडी, शिडासकट.
कंपनीच्या कागदावरची सही
फळ्यावरच्या सुविचारासारखी, एका रेषेत.

"तारखेची जागा रिकामी सोडू नका," बाई म्हणतात,
"आठवत नाही, असं लिहा.
तोच आपला पहिला पुरावा."

मी उजवीकडून डावीकडे टाइप करत जातो.
आठवत नाही.
आठवत नाही.
शिक्क्याचे पैसे कोण देणार, तेही अजून ठरायचंय.

मध्येच शराफत भिंतीवरचं घड्याळ बघतो.
"गावाला साडेपाच झाले.
पलीकडची फेरी सुटली असेल."

इथे चार. दीड तासाचा फरक.
बरोबर आहे हिशेब.

"काय म्हणाला?" बाई विचारतात.

मी कीबोर्डवरची धूळ
उगाचच फुंकत राहतो.