फक्की

सुनावणीला साहेबांनी नकाशा लावला:
सातपूरची बंद प्लेटिंग कंपनी, मागे नासर्डी.
हरकती लेखी द्या, म्हणाले.
खैरनार काकूंनी टेबलावर बाटली ठेवली,
बोअरचं पाणी, पिवळं,
सरबत म्हणून खपेल असं.

मग शेवटच्या रांगेतून दगूनाना पगार उठले.
बावीस वर्षं बिजागऱ्या बुडवल्या क्रोममध्ये;
नाकाचा पडदा गेलेला,
श्वासाला बारीक शिट्टी.
"नकाशा चुकलाय."

आम्ही सगळे मागोमाग,
साहेबही, बूट सांभाळत.
बाभळीपाशी नानांनी पिशवीतली फक्की सांडली,
पोरं क्रीज आखतात तशी.
"इथं चौदा पिंपं. रात्रीची.
मीच पुरलीत."

नदी वाहत होती, फेसासकट.
कुणाला काही सुचेना.
काकूंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं,
म्हणाल्या,
नाना, आधी सावलीत बसा.