दोन पंचमांश

कॉलेजच्या तळघरात, बॉयलरशेजारी आमची खोली.
दारावर पाटी: गणित मदत केंद्र.
त्यातलं 'मदत' कुणीतरी नखानं खरवडलंय.
मी पाटी बदललेली नाही.

रोझॅन थिबोडो सव्वासातला येते,
बुटांवरचा बर्फ बाहेरच झटकून;
ही फरशी कुणालातरी पुसावी लागते, हे तिला माहीत आहे.
अँड्रोस्कॉगिनकाठची कागद गिरणी बंद पडली
तेव्हा ती त्रेचाळीसची होती.
आता नर्सिंगला जायचंय,
आणि मध्ये बीजगणित उभं,
पुलासारखं नाही, पुलावरच्या टोलनाक्यासारखं.
प्रवेश चाचणीच्या कागदावर छापलंय: तयारी अपुरी.
तो तिनं चौघडी करून पाकिटात ठेवलाय,
लायसन्सच्या मागे.

आज तिनं लिहिलं:
एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश
बरोबर दोन पंचमांश.

माझा हात खोडरबराकडे गेला. अकरा वर्षांची सवय.
लसावि सहा, छेद समान करा,
सगळं जिभेवर तयार होतं.
तरी का कोण जाणे, विचारलं:
कसं काढलंस?

"माझी पोरगी सॉफ्टबॉल खेळते.
शनिवारी दोनदा बॅट धरली, एक फटका लागला.
रविवारी तीनदा, एक.
मग पाचात दोन नाहीत का?"

आहेत ना.
पाचात दोनच आहेत.
मी जिथं चूक शोधत होतो
तिथं दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर
तीस वर्षं बसून होतं,
हात वर न करता.

मग एक कोरा कागद काढला.
कागद तिला कळतो, चिमटीत धरून वजन सांगते.
तिनं सहा घड्या पाडल्या, काठावर नख ओढत,
अर्ध्याची तीन घरं रंगवली, तिसऱ्या हिश्श्याची दोन,
आणि थांबली.
"हे तर अर्ध्याच्या पुष्कळ पुढे गेलं.
माझे दोन पंचमांश अर्ध्यालासुद्धा पुरत नाहीत."
हे ती म्हणाली. मी नाही.

कोट चढवताना दारातून वळली:
"मग पोरीची सरासरी चुकली?"
नाही, ती बरोबर आहे.
"आणि ही बेरीजही?"
हीसुद्धा.
"मग कधी कुठली, ते कसं ओळखायचं?"

गुरुवारी सांगतो, म्हटलं.

आता पार्किंगमध्ये गाडीची काच खरवडतोय,
सोपे शब्द जुळवून बघतोय, पुन्हा मोडतोय,
उणे अकरा अंशात,
तयारी अपुरी.